‘थोडे दिवस घरी ठेवा’ : एका वाक्याचा इतिहास



निमगाव केतकीत तुकोबांची पालखी मुक्कामाला आली की शाळेला सुट्टी असते. ती सुट्टी पाटलाच्या पोरालाही असते आणि आपल्या वस्तीतल्या पोरालाही. सगळ्यांना मिळालेल्या सुट्टीने कुणाचे नुकसान होत नाही. एकट्या पोराला मिळालेली सुट्टी ही मात्र सुट्टी नसते. या लेखाचा विषय ती दुसरी सुट्टी आहे.

प्रकार सगळ्यांच्या ओळखीचा आहे. वर्गात मारामारी झालेली असते, किंवा मोबाईल सापडलेला असतो, किंवा जयंतीच्या स्टेटसवरून पोरांत दोन गट पडलेले असतात. बापाला शाळेतून बोलावणे येते. बाप पानमळ्यात पाने खुडायला जाणारा, नाहीतर कारखान्यावर कंत्राटी कामगार. अर्धा दिवस मोडून तो जातो, ऑफिसच्या दारात उभा राहतो. त्याला सांगितले जाते, "थोडे दिवस घरी ठेवा, वातावरण निवळू द्या." किती दिवस, ते सांगत नाहीत. कागद देत नाहीत. बाप "बरं सर" म्हणतो आणि पोराला घेऊन येतो. आठ दिवसांचे पंधरा होतात. मग पोरगा बापाबरोबर कामाला जायला लागतो, कारण घरी बसून तरी काय करणार? पहिल्या आठवड्याची मजुरी हातात पडली की शाळेचा विषय घरात निघतच नाही. दोन महिन्यांनी निरोप येतो की हजेरी कमी पडते आहे, दाखला घेऊन जा. दाखल्याच्या अर्जावर सही बापाची, आणि दाखल्यावर शाळा सोडण्याचे कारण काय, तर "पालकांच्या विनंतीवरून".

मग पोराला काढले कोणी? कागद बघाल तर कोणीच नाही.

आपण या देशात ‘प्रवेश नाकारला’ याविरुद्ध पुष्कळ लढलो. पण आपल्या पोरांना शाळेबाहेर ठेवण्यासाठी ‘नाही’ हा शब्द वापरायची गरज व्यवस्थेला फार वेळा पडलेली नाही. तिचा लाडका शब्द ‘थोडे थांबा’ हा आहे. हा शब्द सरकारी कागदावर कधी आला, त्याचा साल-महिना आपल्याला माहीत आहे.

जून १८५६. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. तिथल्या एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून अर्ज केला. शाळा सरकारी, पैसा सरकारी, मुलगा सरकारचा प्रजाजन. २१ जुलै १८५६ रोजी मुंबई सरकारने या अर्जावर ठराव केला. तो ठराव बाबासाहेबांनी पुढे १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात सविस्तर उद्धृत केला, म्हणून तो आज आपल्या हाताशी आहे. प्रत्येक कार्यकर्त्याने तो एकदा तरी वाचावा. त्याचा आशय असा की, तत्त्व म्हणून न्याय अर्जदाराच्याच बाजूचा आहे यात शंका नाही. ज्या पूर्वग्रहामुळे त्याला शिकता येत नाही तो लवकरच दूर होईल अशी सरकारला आशा आहे. पण एकदोघांसाठी शतकानुशतकांच्या समजुतींत एकदम हात घातला तर शिक्षणाच्या कार्याचेच नुकसान होईल. शिवाय ही अडचण काही या सरकारने निर्माण केलेली नाही.

पुन्हा वाचा. न्याय तुझ्या बाजूला आहे, पण थांब. लवकरच होईल. वातावरण निवळू दे. १८५६ चा गव्हर्नर आणि आजचा हेडमास्तर यांची भाषा किती सारखी आहे! दोघेही ‘तू अपात्र आहेस’ असे म्हणत नाहीत. दोघेही इतरांच्या रागाची किंमत एका पोराच्या शिक्षणातून वसूल करतात आणि वर सहानुभूतीही दाखवतात.

ठरावावर वरून टीका झाली. जानेवारी १८५७ मध्ये हिंदुस्थान सरकारने मुंबईला कळवले की बंगालमध्ये अशा मुलाला कुठल्याही सरकारी शाळेत नाकारले गेले नसते. एप्रिल १८५८ मध्ये लंडनहून कंपनीच्या संचालकांनी सांगितले की सरकारी शिक्षणसंस्था सर्व वर्गांना खुल्या असायला हव्यात. मुंबई सरकारने मग जाहीर केले की पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्वांना खुल्या राहतील, आणि जातीवरून कोणाला वगळणाऱ्या अनुदानित शाळेची मदत बंद करण्याचा अधिकार सरकार स्वतःकडे राखून ठेवते. ‘राखून ठेवते’ हे शब्द लक्षात घ्या. राखून ठेवलेली ही तलवार म्यानातच राहिली. अस्पृश्यांच्या मुलांना नाकारणाऱ्या शाळांचे अनुदान रोखायचे सरकारने प्रत्यक्षात ठरवले ते १९२३ साली. त्याच वर्षी ४ ऑगस्टला सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलात मंजूर झाला. त्या ठरावात विहिरी, धर्मशाळा यांच्याबरोबर सार्वजनिक शाळाही होत्या. महाडच्या सत्याग्रहामुळे बोले ठरावातले पाणी आपल्याला पाठ आहे, शाळा मात्र आपण विसरतो. १८५८ ते १९२३ म्हणजे पासष्ट वर्षे झाली. ‘लवकरच’ हा शब्द एवढा लांब असतो.

मधल्या काळाचा हिशेबही बाबासाहेबांनी त्याच निवेदनात दिला आहे. १८८१-८२ साली मुंबई इलाख्यात प्राथमिक शाळांतल्या शंभर मुलांत खालच्या मानलेल्या जातींचे पुरते एक मूलही नव्हते. त्यापुढच्या माध्यमिक वर्गांत सगळ्या इलाख्यातून सतरा. हायस्कुलात शून्य.

आणि धारवाडचा तो मुलगा? त्याच्या अर्जावर धारवाड, मुंबई, कलकत्ता, लंडन असा चार ठिकाणी पत्रव्यवहार झाला. त्यातून तत्त्व निघाले, धोरण निघाले, कमिशने त्याचा हवाला देत राहिली. त्या पत्रव्यवहारात मुलगा मात्र ‘एक महार अर्जदार’ एवढाच आहे. १८५६ साली तो दहा-बारा वर्षांचा असला तर लंडनचे उत्तर येईपर्यंत त्याचे शिकायचे वय सरत आले होते. तत्त्वाचा निकाल त्याच्या बाजूने लागला आणि शाळा मात्र त्याच्या हातून गेली. म्हणून मी म्हणतो की अर्ज, तक्रार, मोर्चा हे सगळे करायलाच हवे, पण निकाल येईपर्यंत पोराला धरून कोण बसणार हा प्रश्न वेगळा आहे आणि तोही तितकाच मोठा आहे.

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही आपल्याच इतिहासात आहे. ते धारवाडच्या आधी पुण्यातच सापडते.

जोतीराव फुले सातव्या वर्षी पंतोजीच्या शाळेत गेले. चार-पाच वर्षांत शाळा सुटली. चरित्रकार सांगतात की गोविंदरावांच्या दुकानातल्या ब्राह्मण कारकुनाने त्यांच्या डोक्यात भरवले की माळ्याच्या पोराला शिकवून काय उपयोग, शिकला तर कामातून जाईल. गोविंदराव काही दुष्ट नव्हते. आईविना वाढलेल्या पोराचा तो बाप होता, शहाण्या माणसाने सल्ला दिला आणि त्याने तो ऐकला. (आजचा बाप "बरं सर" म्हणतो तो याच गोविंदरावांचा वारस आहे. त्याला शिव्या देऊन उपयोग नाही.) जोती बागेत खुरपे घेऊन कामाला लागला. तेराव्या वर्षी लग्न झाले. कोणत्याही हिशेबाने हे प्रकरण तिथेच मिटलेले होते. दर वर्षी हजारो पोरांचे मिटते तसेच.

पण पोरगा दिवसभर बागेत राबून रात्री दिव्याजवळ पुस्तक घेऊन बसायचा, आणि हे दोन शेजाऱ्यांनी पाहिले. एक उर्दू-फारसीचे शिक्षक गफार बेग मुन्शी, दुसरे लिजिट साहेब. दोघांनी गोविंदरावांकडे जाऊन त्यांचे मन वळवले. १८४१ साली जोती पुन्हा शाळेत गेला, स्कॉटिश मिशनच्या. वयाने चौदा वर्षांचा, मधली सुमारे तीन वर्षे बुडालेली. पुढचे तुम्हाला माहीत आहे. सात वर्षांनी मुलींची शाळा, १८५२ साली महार-मांगांसाठी शाळा. त्या फुल्यांच्या शाळेतली मातंग मुलगी मुक्ता १८५५ साली ‘ज्ञानोदया’त महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिते. धारवाडच्या अर्जाच्या एकच वर्ष आधी!

या गोष्टीत आपण नेहमी जोतीरावांची जिद्द सांगतो. जिद्द होतीच. पण त्या दोन शेजाऱ्यांनी नेमके काय केले ते नीट बघा. त्यांनी पोराला उपदेश केला नाही. ते बापाकडे गेले. पोरगा शिकू शकतो हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, आणि ज्याच्या हातात निर्णय होता त्याला त्यांनी ते सांगितले. कारकुनाच्या शब्दासमोर दुसरा कोणाचा तरी शब्द उभा राहिला. गोविंदरावांना तोपर्यंत एकच बाजू ऐकू आली होती. आपल्या वस्तीत ज्या बापाचा पोरगा घरी बसवला आहे, त्याच्याकडे शाळेची बाजू सांगणारे चार जण येऊन गेलेले असतात. संस्थाचालकाचा माणूस येतो, सरपंच येतो, ज्याच्या रानात काम करतो तो मालकही "जाऊ दे, वाद वाढवू नको" म्हणून जातो. आपल्यातला कोण गेला?

इथे एक आक्षेप येणार हे मला माहीत आहे, कारण तो आपलेच लोक घेतात. जोतीबा हुशार होते, गुणी होते. आपल्या पोराने खरोखर मारामारी केली असेल, चोरी केली असेल, तर? चुकलेल्या पोरासाठी चळवळीने कशाला उभे राहायचे?

मग साताऱ्याच्या भिवाची गोष्ट ऐका. आपण बाबासाहेबांचे बालपण म्हटले की गोणपाट सांगतो. ते खरेच आहे. वर्गात वेगळे बसायचे, बसायचे तरट घरून न्यायचे आणि घरी आणायचे, शिपाई नसेल तर तहानलेले राहायचे, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. नाव पटावर, पोरगा कोपऱ्यात. त्याआधी काही वर्षे कोकणात दापोलीच्या महार पेन्शनरांनी आपल्या मुलांना नगरपालिकेच्या शाळेत घ्यावे म्हणून अर्जविनंत्या केल्या, तर तिथे मुलांच्या वाट्याला व्हरांडा आला. शाळेत असून शाळेबाहेर ठेवण्याची ही रीत.

पण भिवा गरीब गायही नव्हता. तो भांडायचा, अभ्यास टाळायचा. वडिलांनी दुसरे लग्न केल्यावर त्याच्या मनात राग होता, आणि घर सोडून मुंबईला जाऊन गिरणीत कामाला लागायचे असे त्याने ठरवले होते. गाडीभाड्याला पैसे हवेत, म्हणून आत्याच्या कमरेची पिशवी चोरायचा बेत केला. चरित्रात नोंद आहे की तीन रात्री प्रयत्न फसला, चौथ्या रात्री पिशवी हाती आली, आणि तिच्यात निघाला अर्धा आणा. त्या अर्ध्या आण्याची त्याला लाज वाटली. तिथून त्याने अभ्यासाकडे तोंड वळवले.

हा प्रसंग बाबासाहेबांनी लपवला नाही, आपणही लपवू नये. क्षणभर कल्पना करा, की त्या आठवड्यात कोणी रामजी सुभेदारांना बोलावून म्हणाले असते, "पोरगा चोर निघाला, थोडे दिवस घरी ठेवा." रामजींनी काय केले असते ते त्यांच्या पुढच्या वागण्यावरून कळते. मुंबईत परळच्या चाळीत एकाच खोलीत सगळे घर. पोराला लवकर झोपवायचे, स्वतः जागे राहायचे आणि पहाटे दोनला त्याला अभ्यासाला उठवायचे. पुस्तकाला पैसे नसले की लग्न झालेल्या मुलींचे दागिने मागून आणून गहाण टाकायचे. साताऱ्यातच आंबेडकर नावाचे मास्तर होते, ते मधल्या सुट्टीत आपल्या शिदोरीतली भाकर-भाजी या पोराला द्यायचे. सगळे मास्तर सारखे नसतात, आजही नसतात. प्रत्येक शाळेत एखादे तरी आंबेडकर मास्तर असतात. ते आधी शोधावेत, भांडण नंतर करावे.

चुकलेल्या पोराला शिक्षा नको असे मी म्हणत नाही. मारामारी केली तर माफी मागायला लावा, मोडले ते भरून द्यायला लावा. पण शिकण्यापासून तोडणे ही शिक्षा कोणत्या गुन्ह्याची? शूद्रातिशूद्रांनी ज्ञानाच्या जवळ जाऊ नये हा मनुस्मृतीचा दंड. तो शिस्तीच्या नावाखाली परत आणू नका. आणि एक बघा, मारामारी दोन पोरांत होते. घरी कोण बसते? दोघे बसत असतील तर शिस्त म्हणता येईल. एकच बसत असेल तर त्याचे आडनाव विचारा.

कधी कधी पोराला त्याच्या गुन्ह्यासाठी काढत नाहीत, त्याच्या चांगुलपणासाठी काढतात. १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उघडले. त्या समारंभाला जैन वसतिगृहातला एक विद्यार्थी गेला. परत आल्यावर त्याला सांगण्यात आले की आंघोळ करून आत ये. त्याने नकार दिला. विटाळ मानायला तो तयार नव्हता. वसतिगृहातून त्याला काढून टाकले. त्या मुलाचे नाव भाऊराव पाटील. गावाकडून शिकायला आलेल्या मुलाचे छप्परच गेले होते. शाहू महाराजांनी त्याला आश्रय दिला. पुढे भाऊरावांचे शालेय शिक्षण मॅट्रिकपर्यंतही पोचले नाही, पण १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे बोर्डिंग सुरू केले. वसतिगृहातून काढलेल्या पोराने वसतिगृहे बांधली. आपल्या तालुक्यात रयतेची शाळा शिकलेले मराठा, माळी, धनगर बांधव पुष्कळ आहेत. कर्मवीर कोणत्या कारणाने वसतिगृहाबाहेर पडले होते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. आपण सांगितले पाहिजे. तुमच्या शाळेच्या मुळाशी आमच्या पोरांशी बसल्याचा ‘गुन्हा’ आहे, हे वाद घालण्यासाठी नाही, नाते जोडण्यासाठी सांगायचे.

आता दुसरी बाजू. पोराला शाळेने काढले नाही, तर गाव आपली पोरे काढून घेते. ऑगस्ट १९३५ मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातल्या कविठा गावात अस्पृश्यांनी आपली चार मुले गावच्या शाळेत नेली. सवर्णांनी आपली मुले शाळेतून काढली, मग हल्ला झाला, मग बहिष्कार, मग पिण्याच्या विहिरीत रॉकेल. गांधीजींनी अस्पृश्यांना सल्ला दिला की गाव सोडून जा. बाबासाहेबांनी हा प्रसंग ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणातही मांडला आणि पुढेही विसरला नाही. त्यांचा प्रश्न साधा होता. गुन्हा करणाऱ्यावर खटला भरायचा सोडून ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच जा म्हणून का सांगता? कविठ्यानंतर दोनच महिन्यांनी येवल्याची घोषणा झाली.

हे जुने झाले असे वाटत असेल तर २००९ साली लातूर जिल्ह्यातले हासेगाव आठवा. तिथल्या ‘सेवालय’ या संस्थेतली एचआयव्हीबाधित मुले गावच्या जिल्हा परिषद शाळेत जाऊ लागली, तेव्हा गावातल्या पालकांनी आपली मुले शाळेत पाठवणे बंद केले. कारण जातीचे नव्हते, हत्यार मात्र तेच होते. विटाळाची भीती, पटसंख्येची धमकी, आणि मध्ये अडकलेली लहान पोरे. ज्यांना वाटते की हा प्रश्न फक्त बौद्धांच्या पोरांचा आहे, त्यांनी हासेगाव लक्षात ठेवावे. आपल्याकडचे पारधी वस्तीतले पोर घ्या. गावात चोरी झाली की ते दुसऱ्या दिवशी शाळेत जायला घाबरते. बीडहून कारखान्यावर आलेल्या ऊसतोड कामगाराचे पोर घ्या. त्याची शाळा दिवाळीला सुटते ती उन्हाळ्यापर्यंत, आणि त्याला कोणी ‘घरी ठेवा’ असे म्हणावेही लागत नाही, कारण त्याचे घरच उसाच्या फडात असते.

आता कायद्याचे दोन शब्द. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू आहे. त्याचे कलम १६ सांगते की प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येणार नाही. कलम १७ मारहाण आणि मानसिक छळ यांना मनाई करते. कलम ३२ खाली लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते. जातीवरून शाळेत येण्यास अडवले तर २०१५ च्या दुरुस्तीनंतर अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात तो स्पष्ट गुन्हा आहे. कायदा भक्कम आहे. म्हणूनच ‘काढले’ असे कोणी लिहून देत नाही आणि ‘घरी ठेवा’ असे तोंडी सांगितले जाते. कायद्याला वळसा घालायची ही वाट आहे, आणि बापाचे "बरं सर" हे त्या वाटेचे दार आहे.

नववी-दहावीत तर कलम १६ ची ढालही नाही. तिथे सापळा वेगळा आहे. दहावीच्या परीक्षेला शाळेमार्फत बसायचे तर पंचाहत्तर टक्के हजेरी लागते. तोंडी सांगून घरी बसवलेले दिवस हजेरीपटावर गैरहजेरी म्हणून पडतात. हजेरी कमी पडली की सांगतात, सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसा. निकालाची टक्केवारी चांगली दिसावी म्हणून कच्च्या पोरांना असे बाहेर ढकलणाऱ्या शाळा कमी नाहीत. सतरा नंबर वाईट नाही, त्यातून कित्येक शिकले. पण ज्याला शाळेत बसायचे होते त्याला सतरा नंबरवर ढकलणे म्हणजे पुन्हा व्हरांडाच.

म्हणून आपल्या भागातल्या कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे. अशी बातमी कानावर आली की फेसबुकवर पोस्ट टाकण्याआधी त्या घरी जा. त्याच संध्याकाळी जा, रविवारी नको. बापाला एकच गोष्ट पक्की सांगा, की दाखल्याच्या अर्जावर सही करायची नाही, कोणी कितीही गोड बोलले तरी. दुसऱ्या दिवशी बापाबरोबर शाळेत दोघे जा, दहा जण नको. दहा गेले की शाळा गप्प बसते, पोलीस येतात आणि पोराचा विषय बाजूला पडतो. मुख्याध्यापकांना नमस्कार करून विचारा : किती दिवस, कोणत्या कारणाने, परत कोणत्या तारखेला? ते लेखी मागा. लेखी देत नसतील तर आपण अर्ज लिहून द्या आणि आवक शिक्का मारलेली प्रत घ्या. बहुतेक वेळा तारीख लगेच सापडते.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश पालक असतात आणि त्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. वंचित घटकांच्या पालकांनाही त्यात जागा आहे. तुमच्या शाळेच्या समितीवर आपले कोण आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? ग्रामपंचायतीच्या वॉर्डात कोण उभे राहणार हे तर सगळ्यांना पाठ असते! समितीवरच्या त्या बाईला घरी जाऊन भेटा. कित्येकदा तिला बैठकीला बोलावलेलेच नसते, रजिस्टर सहीसाठी घरी आलेले असते.

मधल्या दिवसांत पोराचा अभ्यास चालू राहिला पाहिजे, आणि ते काम आपलेच आहे. बाबासाहेबांची शिष्यवृत्ती संपली, १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धे टाकून त्यांना परत यावे लागले. चार वर्षांच्या आत परत येण्याची परवानगी त्यांनी घेऊन ठेवली होती. सिडनहॅममध्ये नोकरी करून पैसे साठवले, शाहू महाराज आणि नवल भथेना यांची मदत मिळाली, आणि १९२० साली ते परत गेले. परत जायची तारीख ठरलेली होती म्हणून मधली वर्षे वाया गेली नाहीत. पोरालाही तेच हवे असते. कालपर्यंत ज्याच्या शेजारी बसत होता त्या मित्राची वही संध्याकाळी घरी आली पाहिजे. विहारात दिवा असतो, सतरंजी असते, कॉलेजला जाणारी पोरेपोरी असतात. रोज दोन तास कोणीतरी त्याच्याबरोबर गणित सोडवा. त्याला व्याख्यान देऊ नका. काय झाले ते एकदाच विचारा आणि पूर्ण ऐकून घ्या. घरी बसलेल्या पोराला पहिल्या आठवड्यात शेकडो माणसे विचारतात, "काय केलंस रे?" आणि ऐकून कोणीच घेत नाही. त्याला त्या दिवसांत मजुरीला नेऊ नका असे बापाला सांगायचे असेल, तर आधी त्या घरातल्या चुलीचा हिशेब विचारा. जयंतीच्या वर्गणीतले चारशे-पाचशे रुपये त्या आठवड्यात त्या घरी गेले तर मिरवणूक काही छोटी होत नाही. डीजेचा एक बॉक्स कमी करा.

आणि परत जायच्या दिवशी त्याला एकट्याला पाठवू नका. काढले तेव्हा सगळ्या वर्गाने पाहिलेले असते, परत येतानाही सगळा वर्ग बघत असतो. मोठी बहीण, चुलता, कार्यकर्ता, कोणीतरी गेटपर्यंत सोबत जावे, वर्गशिक्षकांना भेटावे, पोरगा आपल्या आधीच्याच बाकावर बसला ना, ते बघावे. मग ऑफिसात जाऊन हजेरीपट मागावा, आणि मधले जे दिवस शाळेनेच त्याला घरी बसायला सांगितले होते, त्या दिवसांपुढे काय लिहिले आहे ते वाचावे. गैरहजर लिहिले असेल, तर ते दिवस शाळेच्या सांगण्यावरून गेले अशी नोंद त्याच दिवशी लेखी मागावी.